परवाना शस्त्राला की शब्दाला?

सीताबर्डीच्या व्हरायटी चौकात गांधीजींच्या पुतळ्याजवळ निदर्शने होतात. एखाद्या मजकुरावरून भावना दुखावल्या की मागणी ठरलेली: लिहिणाऱ्याला अटक करा! पिस्तूल कुठून येते, हे मात्र कुणी विचारत नाही.

१९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार बंदुकीला परवाना लागतो. शब्दाला लागत नाही. व्यवहार उलटा आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबई बंदवर फेसबुकवर चार ओळी लिहिणारी पालघरची मुलगी व त्या पसंत करणारी तिची मैत्रीण लगेच पकडल्या गेल्या. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी कोल्हापुरात कॉ. गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडणारे मोटारसायकलवरून निसटले.

मुलींवर लावलेले कलम ६६ अ सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये रद्द केले. आपण आनंदलो. पण त्याच जानेवारीत उर्दू 'अवधनामा'च्या मुंबई आवृत्तीच्या संपादक शिरीन दळवी यांनी 'शार्ली एब्दो'चे मुखपृष्ठ छापले, तेव्हा तक्रारी कुणी केल्या? आपल्याच लोकांनी. त्यांनी माफी मागितली. तरी अटक झाली, आवृत्ती बंद पडली. पॅरिसमध्ये बंदुकीने १२ जणांना गप्प केले. इथे आपण ते काम पोलिसांवर सोपवले.

मी उर्दू शाळेत शिकवतो. 'इक़रा' म्हणजे वाच, हे पहिलीतल्या मुलालाही ठाऊक असते. वाचून दुखावलात तर लिहून उत्तर द्या. परवाना मागायचा तर पिस्तुलाचा मागा. शब्दाचा मागाल, तर तो आधी आपल्याच लेकींना विचारला जाईल. पालघरची ती मुलगी आपलीच होती.