चाकांवरचें घर: निगा आणि प्रवास

सुटीचे बेत शिजूं लागले म्हणजे एकत्र कुटुंबांत ठराविक अडचणी पुढें येतात. आजीबाईंना हॉटेलांतले जिने चढवत नाहींत, तान्ह्या मुलाचें दूध हवें त्या वेळीं ऊन करून मिळत नाहीं, आणि पथ्याचें जेवण तर परगांवीं मागूनहि मिळत नाहीं. अशा कुटुंबांचें लक्ष अलीकडे कॅरॅव्हॅनकडे, म्हणजे निजावयाच्या जागा, स्वयंपाकाचा ओटा, शौचकूप व पाण्याची टाकी ज्या मोटारींत असते अशा चालत्या घराकडे, वळूं लागलें आहे. 2021 सालीं महाराष्ट्र शासनानें अशा प्रवासासाठीं स्वतंत्र पर्यटन धोरणहि ठरविलें. कोणी अशी गाडी भाड्यानें घेतात, तर कोणी प्रवासी व्हॅन विकत घेऊन तींत सोयी करवून घेतात. असा फेरफार परिवहन कार्यालयाच्या मंजुरीनें नोंदणीपुस्तकांत चढवावा व विमा कंपनीसहि कळवावा. नाहीं तर ऐन अडचणीच्या वेळीं विम्याचा आधार तुटतो.

परंतु आज आम्हांला सांगावयाचें आहे तें निराळेंच. ही गाडी अर्धी मोटार व अर्धें घर असते, आणि तिच्या धोक्याचें मूळ याच दुहेरी स्वरूपांत आहे. चालविणारा इंजिन पाहतो. स्वयंपाकघर सांभाळणारी डबे व पांघरुणें मोजते. गाडीचें एकंदर वजन, आंतला वायु, विजेचा सांठा, छप्पर आणि सांडपाणी या गोष्टी मात्र दोघांच्या मध्यें पडतात, आणि जें काम सर्वांचें असतें तें कोणाचेंच राहत नाहीं. पूर्वीं बैलगाडीनें यात्रेस निघणारा गृहस्थ वंगण सोबत घेतल्यावांचून व चाकाची धांव तपासल्यावांचून अंगणाबाहेर पडत नसे. तीच शिस्त येथें दुपटीनें लागते.

प्रथम वजनाविषयीं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. शंभर लिटरची टाकी भरली कीं गाडींत दीड माणूस अधिक बसला असें समजावें. त्यांत सहा माणसें, गाद्या, धान्य, भांडीं व गॅसची टाकी यांची भर पडली म्हणजे सहाशें किलोंचा भार केव्हां झाला तें कळतहि नाहीं. म्हणून सर्व सामान व मंडळी बसल्यावर गांवाबाहेरील मालमोटारींच्या काट्यावर गाडी एकदां तोलून घ्यावी. आधीं सबंध, मग पुढचीं चाकें व मागचीं चाकें निरनिराळीं. नोंदणीपुस्तकांत लिहिलेल्या कमाल वजनाशीं हे आंकडे ताडून पाहावेत. मुक्कामाच्या गांवीं चांगलें पाणी मिळत असेल, तर वाटेस लागेल तेवढेंच टाकींत घ्यावें.

टायरच्या नक्षीवर विश्वासून राहूं नये. अशी गाडी वर्षांतील बराच काळ उभी असते. नक्षी नवी दिसते, पण रबर उन्हानें व वयानें वाळून चिरत असतें. टायरच्या बाजूवर शेवटचे चार आंकडे कोरलेले असतात. 2321 असे आंकडे असतील, तर तो टायर 2021 सालच्या तेविसाव्या आठवड्यांत तयार झाला असें समजावें. पांच वर्षें उलटलीं कीं दरवर्षीं जाणत्या कारागिराकडून टायर तपासून घ्यावेत, आणि भेगा दिसल्यास नक्षी शाबूत असली तरी ते बदलावेत. हवा सकाळीं, टायर थंड असतांना मोजावी. उन्हांत चालून तापलेल्या टायरची हवा वाढलेली दिसली म्हणून ती सोडूं नये.

आम्ही संगमनेरकरांस घाट नवे नाहींत. पुण्याकडून येणाऱ्यास चंदनापुरीचा घाट उतरूनच आमच्या गांवीं यावें लागतें. हलकी मोटार जेथें ब्रेकवर सहज सांवरते, तेथें भरलेलें चालतें घर सांवरेलच असें नाहीं. ब्रेक सतत दाबून धरला कीं तो तापतो व त्याची पकड कमी होते. आणि ब्रेकचें तेल हवेंतील ओल शोषून घेत असल्यामुळें जुनें झालेलें तेल लवकर उकळतें. तें दर दोन वर्षांनीं बदलावें. उतार सुरू होण्यापूर्वींच खालचा गिअर घालावा, वेग इंजिनानें धरावा, आणि ब्रेक थोडा थोडा, सोडून सोडून लावावा. गाडीची उंची मोजून ती चालविणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कागदावर लिहून चिकटवावी. झाडाची आडवी फांदी व बुटकी कमान यांना छपरावरचें सामान ठाऊक नसतें.

आतां ज्याच्याविषयीं आम्हांला सर्वांत अधिक काळजी वाटते तो विषय. 2024 च्या डिसेंबरांत केरळांतील वडकरा येथें रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या कॅरॅव्हॅनमध्यें दोन माणसें मृत आढळलीं. गाडीस अपघात झाला नव्हता, कीं आग लागली नव्हती. जनरेटरचा कार्बन मोनॉक्साइड वायु आंत शिरल्यामुळें तीं दगावलीं, असें तपासांत निष्पन्न झालें. या वायूस रंग नाहीं, वास नाहीं. झोपलेल्या माणसास तो जागेंहि करीत नाहीं. म्हणून माणसें आंत निजलीं असतां जनरेटर किंवा इंजिन चालवूं नये, आणि थंडी कितीहि असली तरी ऊब घेण्यासाठीं शेगडी वा गॅस पेटता ठेवूं नये. या वायूची सूचना देणारें लहानसें यंत्र बाजारांत मिळतें. तें निजावयाच्या जागेजवळ लावावें व महिन्यांतून एकदां त्याची कळ दाबून तपासावें.

स्वयंपाकाच्या गॅसची तऱ्हा निराळी. तो हवेपेक्षां जड असल्यामुळें गळला तर खालीं सांचतो. वरची खिडकी उघडून तो जात नाहीं. टाकीच्या कप्प्यास तळाशीं बाहेर उघडणारें भोक असलेंच पाहिजे. सांध्यांवर साबणाचें पाणी लावावें. बुडबुडे आले तर गळती आहे. काडी ओढून गळती पाहण्याचा अविचार कोणीं करूं नये. रबरी नळीवरची मुदत पाहावी, आणि गाडी चालू असतां टाकीची चावी बंद ठेवावी. 26 ऑगस्ट 2023 रोजीं मदुराई येथें उभ्या असलेल्या यात्रेकरूंच्या रेल्वे डब्यास आग लागून नऊ जण मृत्यु पावले. नियमाविरुद्ध आंत नेलेली गॅसची टाकी त्यास कारण झाली. चालत्या घरांतली चूल ही घरच्या चुलीसारखी नव्हे, एवढें यावरून ध्यानांत यावें.

विजेचा हिशेब सोपा आहे. बारा व्होल्टच्या, शंभर अँपिअर-अवरच्या बॅटरींत सुमारें 1200 वॅट-तास वीज सांठते. बॅटरी शिशाच्या पत्र्यांची असल्यास तींतील निम्मीच, म्हणजे 600, वापरावी. त्याहून अधिक वारंवार काढल्यास तिचें आयुष्य खुंटतें. वीस वॅटचे दोन पंखे आठ तास चालले तर 320 जातात, आणि पांच वॅटचे चार दिवे चार तास लावले तर 80. म्हणजे रात्र सुखानें निघते. याच बॅटरीवर दोन हजार वॅटची विजेची शेगडी लावली, तर अठरा मिनिटांत सारा हिशेब संपतो. घराची बॅटरी व इंजिन चालू करण्याची बॅटरी वेगळ्या असाव्यात, म्हणजे रात्रींच्या पंख्यापायीं सकाळीं गाडी अडून राहणार नाहीं.

छपराची परीक्षा वैशाखांत करावी. नळीनें छपरावर पाणी सोडून एकानें आंत बसून सांधे पाहावेत. एवढ्या श्रमांत पावसाळ्यांतील भिजल्या गाद्या व तारांमध्यें शिरणारी ओल टळते.

शेवटीं सांडपाण्याविषयीं, कारण त्याचा संबंध आपल्याच घरच्या घागरीशीं आहे. संगमनेरहून अकोले, राजूर या वाटेनें भंडारदरा सुमारें साठ-पासष्ट किलोमीटर. 1926 सालीं पुरें झालेलें तेथील विल्सन धरण, रंधा धबधबा, कळसूबाईचें शिखर, हें सर्व पाहावयास एक-दोन मुक्काम उत्तम. पण धरणाच्या कांठीं गाडी उभी करून साबणाचें पाणी वा शौचकूपाची टाकी तेथेंच रिती करण्याचा मोह होतो. तें पाणी प्रवरेला मिळतें, प्रवरा निळवंड्याच्या धरणांत येते, आणि प्रवरेचेंच पाणी आपल्या नळाला येतें. वाटेंतील खेड्यांना तर तें आपल्याहि आधीं पोहोंचतें. म्हणून मैल्याची टाकी मुक्कामाच्या ठिकाणीं सेप्टिक टँकची सोय असेल तेथेंच, विचारून, रिकामी करावी. तेथील रान कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यांत मोडतें. रात्रींचा मुक्काम परवानगी असलेल्या जागींच असावा.

आमची सूचना एवढीच कीं, निघण्याच्या आदल्या दिवशीं एका कागदावर सहा कामें लिहावींत: वजन, टायर व ब्रेक, गॅस व वायुसूचक यंत्र, बॅटरी, छप्पर, पाणी व सांडपाणी. प्रत्येकापुढें घरांतील एकाचें नांव घालावें. गॅस सूनबाईंकडे, बॅटरी कॉलेजांत जाणाऱ्या मुलाकडे, टायर चालविणाऱ्याकडे. आणि कागद आजोबांच्या हातीं द्यावा. सहाहि नांवांपुढें खूण झाल्याखेरीज त्यांनीं किल्ली देऊं नये, मग नातवंडें कितीहि घाई करोत.