बंदीच्या हुकुमातले दुसरे वाक्य

चैत्र पौर्णिमेला चंद्रपूरच्या महाकालीची यात्रा भरते. मराठवाड्यातून भाविक देवीची गाणी म्हणत येतात, झरपट नदीत अंघोळ करतात आणि मंदिराच्या वाटेला लागतात. त्या वाटेवर बांगड्या, कुंकू, नारळ, फुटाणे, खेळणी विकणाऱ्यांचे वर्ष ठरते. शेतकऱ्याला खरीप, तशी यांना यात्रा. 2020 मध्ये चैत्र पौर्णिमा 8 एप्रिलला आली, 2021 मध्ये 27 एप्रिलला. दोन्ही वेळा कोरोनाच्या साथीचे निर्बंध होते आणि दोन्ही वर्षे यात्रा भरली नाही. सलग दोन हंगाम कोरडे गेले, आणि उसनवारीवर भरलेला माल घरातच पडून राहिला.

यात्रा बंद ठेवली हे योग्यच झाले. साथीच्या दिवसांत एवढी गर्दी जमू देणे माणसांच्या जिवावर बेतले असते. माझा वाद बंदीशी नाही. बंदीचा लाभ सगळ्या शहराला झाला आणि तिची किंमत मात्र बांगडीवालीने एकटीने मोजली, या हिशेबाशी आहे. सगळ्यांच्या भल्यासाठी एखाद्याची रोजी थांबवली, तर ती रोजी समाज त्याला देणे लागतो. ते देणे फेडण्याची सोय बंदीच्या हुकुमातच असली पाहिजे. एवढेच माझे म्हणणे आहे, आणि त्यावर घेतले जाणारे आक्षेप मला एकेक करून तपासायचे आहेत.

पहिला आक्षेप असा की जीव वाचवायची वेळ होती, तेव्हा पोटाचा विचार कोण करणार? हा आक्षेप घेणाऱ्याने जीव आणि पोट यांची फारकत गृहीत धरली आहे. साथ किती क्रूर होती हे चंद्रपूरने पाहिले आहे. एप्रिल 2021 मध्ये खाट मिळेना म्हणून इथली माणसे आपल्या रुग्णाला घेऊन तेलंगणापर्यंत हिंडली. पण आदल्या वर्षीच्या एप्रिलमधली दुसरी वाटही आठवावी. मिरची तोडायला तेलंगणात गेलेले चंद्रपूर-गडचिरोलीचे मजूर वाहने बंद, मजुरी बंद, अशा अवस्थेत उन्हातून पायी परतत होते. गडचिरोलीला लागून असलेल्या छत्तीसगडच्या बिजापूर जिल्ह्यातली बारा वर्षांची एक मुलगी अशीच मिरचीच्या शेतातून निघाली. तीन दिवस चालली आणि 18 एप्रिल 2020 रोजी घर काही कोसांवर असताना वाटेतच मेली. तिचा जीव आजाराने घेतला नाही. रोजी तुटलेल्या माणसाचा जीवही धोक्यातच असतो, हे एवढ्या मोलाने कळल्यावर तरी जीव आधी की पोट आधी, हा वाद संपला पाहिजे.

दुसरा आक्षेप, सरकारने धान्य दिले, आणखी काय हवे? धान्य दिले हे खरे, आणि त्याने उपासमार रोखली हेही खरे. माणशी 5 किलो मोफत धान्य आणि 5 रुपयांत शिवभोजन थाळी यांचे मोल मी कमी करणार नाही. पण रेशनकार्ड गावाकडे आणि माणूस शहरातल्या भाड्याच्या खोलीत असेल, तर त्याने काय करावे? तांदूळ मिळाला तरी तेल, मीठ, सरपण किंवा सिलिंडर, औषध आणि खोलीचे भाडे राहतेच. बचत गटाचा आणि मायक्रोफायनान्सचा हप्ताही राहतो. कर्जफेडीला मुदत मिळाली, पण त्या मुदतीत व्याज चालूच राहिले. धान्याने माणूस जगतो. पण हातगाडी पुन्हा रस्त्यावर आणायला भांडवल लागते आणि ते त्याने आधीच खाऊन संपवलेले असते. 1 जून 2020 रोजी पथविक्रेत्यांसाठी 10,000 रुपयांची योजना आली, तीही कर्जाची. ज्याची रोजी आपण थांबवली, त्यालाच आपण पुन्हा कर्ज दिले.

एप्रिल 2021 च्या निर्बंधांच्या वेळी राज्य सरकारने एक पाऊल पुढे टाकले. फेरीवाले, रिक्षाचालक, बांधकाम मजूर आणि घरेलू कामगार यांना प्रत्येकी 1,500 रुपये, तर खावटी योजनेतून आदिवासी कुटुंबांना 2,000 रुपये जाहीर झाले. बंदी आणि मदत एकाच भाषणात आली, याचे श्रेय द्यायलाच हवे. पण अट होती नोंदणीची. पहाटे ठिय्यावर उभा राहणारा मजूर, चार घरची धुणीभांडी करणारी बाई, भंगार वेचणारे पोर यांची नोंद कोणत्या वहीत असते? पथविक्रेत्यांचा कायदा 2014 चा आहे. त्यात सर्वेक्षण, प्रमाणपत्र आणि नगर पथविक्रेता समिती हे सगळे आहे. सर्वेक्षण करणे हे प्रशासनाचे काम. ते झाले नाही तर मदत मात्र विक्रेत्याची बुडते. एकाच्या दिरंगाईची शिक्षा दुसऱ्याला देण्याला न्याय म्हणता येणार नाही.

तिसरा आक्षेप आमच्या भागाविषयी आहे आणि तो मला सर्वांत जास्त टोचतो. म्हणतात, चंद्रपूर-गडचिरोलीचा गरीब जंगलावर जगतो, जंगलाला कुठे टाळेबंदी असते? हे बोलणाऱ्याला जंगलाचे पंचांग ठाऊक नाही. मार्चच्या मध्यापासून मोह गळू लागतो. पहाटे टोपली घेऊन गेले नाही, तर ती फुले हरणे खातात किंवा ऊन खाते. देशबंदी 24 मार्च 2020 च्या मध्यरात्री लागू झाली. गौण वनउपज गोळा करायला केंद्रीय गृहमंत्रालयाने सूट दिली ती 16 एप्रिलला. तोवर मोहाचा बहर ओसरत आला होता. जिथे वेचायला कोणी अडवले नाही, तिथेही विकायला बाजार नव्हता, कारण आठवडी बाजार बंद होते. आठवडी बाजार म्हणजे इथल्या माणसाचा बँकेच्या खिडकीपुढचा दिवस. मोह, चारोळी, बांबूच्या टोपल्या, केरसुण्या घेऊन यायचे आणि मीठ, तेल, मुलाची वही घेऊन परतायचे. हा दुवा तुटला की गावातला वेचणारा आणि शहरातला टोपल्या विणणारा बुरूड एकाच दिवशी बेकार होतो. ताडोबाची दारे मार्चमध्ये मिटली आणि ऐन उन्हाळ्याच्या हंगामात वाटाडे आणि जिप्सीचालक घरी बसले. मे महिन्यात चंद्रपूर आणि गडचिरोलीत पहिले रुग्ण सापडले. आजार पोहोचण्याआधीच इथे हलाखी पोहोचली होती.

त्याच काळात कोळशाच्या खाणी आणि महाऔष्णिक वीज केंद्र चालू राहिले, आणि ते रास्तच होते. यातून एवढे सिद्ध होते की काय चालू ठेवायचे याचा विचार शासन करू शकते. वीज थांबली तर देश थांबेल हे त्याला दिसले. मोहाचा हंगाम चुकला तर पावसाळा कसा निघेल, हे दिसले नाही.

चौथा आणि शेवटचा आक्षेप पैशाचा आणि कायद्याचा. पैसा आणायचा कुठून, आणि कोणत्या कायद्याने द्यायचा?

आधी कायदा. महाराष्ट्राने मार्च 2020 मध्ये लागू केलेला साथरोग कायदा 1897 चा, मुंबईच्या प्लेगमधून जन्मलेला. त्याच्या दुसऱ्या कलमात उपाययोजनांचा खर्च कोणी सोसायचा हे ठरवण्याचा अधिकार आहे आणि त्या खर्चात नुकसानभरपाईचाही उल्लेख आहे. परकीय राज्यकर्त्यांच्या कायद्यातही ही जागा होती. ज्या आधारावर देशबंदी झाली, त्या 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याचे बारावे कलम तर उपजीविकेची साधने पुन्हा उभी करण्यासाठीच्या साहाय्याचे नाव घेऊनच बोलते. याच कलमाच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने 30 जून 2021 रोजी मृतांच्या कुटुंबांसाठी साहाय्य ठरवायला लावले आणि पुढे 50,000 रुपये ठरले. बुडालेल्या रोजीसाठी असा आकडा ठरला नाही. म्हणजे कायदा अपुरा नव्हता. आपण त्याचा दार लावणारा हात वापरला, देणारा हात वापरला नाही.

आता पैसा. 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्राने रोजगार हमीची वाट धरली आणि 1977 मध्ये तिचा कायदा केला. तिच्या खर्चासाठी 1975 मध्ये व्यवसाय कर बसवला. आजही पगारदाराच्या पावतीवर ती कपात असते. तिच्यामागचा विचार असा की ज्याचा पगार सुरक्षित आहे त्याने, ज्याचे काम थांबले आहे त्याचा भार थोडा उचलावा. हे तत्त्व आपण कोणाकडून उसने आणलेले नाही. ते या मातीत दुष्काळाने शिकवले आणि पुढे देशाने घेतले. मात्र ती हमी खेड्यापुरती राहिली. ठिय्यावरच्या मजुराला ती कधी मिळाली नाही.

म्हणून माझी मागणी स्पष्ट आहे. रोजगार हमी शहरालाही लागू व्हावी. साथ नसतानाच वॉर्डावॉर्डात हातावर पोट असणाऱ्यांची यादी तयार असावी. तीत भाड्याने राहणारा आणि परगावचाही असावा. गावात ही यादी ग्रामसभेने करावी, कारण कोण काय वेचतो आणि कोण मिरचीला जातो हे तिला ठाऊक असते. निर्बंध ठरवताना जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर मोह, तेंदूपत्ता आणि महाकालीच्या यात्रेचे पंचांग असावे. आठवडी बाजार बंद करण्याऐवजी मोठ्या मैदानावर, वेगवेगळ्या दिवशी पांगवावा.

साथ पुन्हा येणार नाही याची हमी कोणी देऊ शकत नाही. पुन्हा आली तर मंदिराची वाट पुन्हा बंद करावी लागेल, आणि ती जरूर करावी. पण त्या हुकुमात दोन वाक्ये असू द्या. पहिले, यात्रा भरणार नाही. दुसरे, या वाटेवर पोट भरणाऱ्यांची बुडालेली रोजी अमुक तारखेला त्यांच्या हातात पडेल. दुसरे वाक्य लिहिण्याची तयारी नसेल, तर पहिल्याखाली सही करण्याचा अधिकारही नाही.