टोपी कुणाची?

मागच्या महिन्यात आजीला एका कॅफेत घेऊन गेलो होतो. कोल्ड कॉफी तिला जाम आवडली. मग ती वॉशरूमकडे गेली आणि दोन मिनिटांत परत आली. ‘‘अरे, एका दारावर मिशी काढलीय, दुसऱ्यावर टोपी. बायकांचं कुठलं?’’ जाऊन पाहिलं, तर ती लेडीज हॅट होती. आजीनं आयुष्यभर टोपी पाहिली ती आजोबांच्या डोक्यावर! आम्ही हसलो. आजी नाही हसली. ती सातवी शिकलेली आहे. दारावर नुसतं ‘महिला’ लिहिलं असतं, तरी तिचं काम झालं असतं.

चित्र सगळ्यांना कळतं, असं आपण सर्रास धरून चालतो. पण कोणतं चित्र? आणि कोणाला?

हा प्रश्न आपल्या देशानं एकदा फार गांभीर्यानं घेतला होता. १९५१-५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक. तेव्हा १०० माणसांपैकी जेमतेम १८ जणांना लिहिता-वाचता येत होतं. मग प्रत्येक उमेदवाराची वेगळी मतपेटी ठेवली आणि तिच्यावर त्याचं चिन्ह लावलं. बैलजोडी, झोपडी अशी रोजच्या बघण्यातली चित्रं. ज्याला अक्षर येत नाही त्याचंही मत मोजलं जाणार, हे त्या चित्रांमुळं शक्य झालं.

आता मल्टिप्लेक्समध्ये अंधार झाल्यावर दारावर दिसतो तो हिरवा, पळणारा माणूस आठवा. तो जपानचा. तिथं १९७२ आणि १९७३ मध्ये दोन डिपार्टमेंट स्टोअरना आगी लागल्या आणि प्रत्येक आगीत १०० हून जास्त माणसं गेली. त्यानंतर बाहेर पडायच्या वाटेसाठी नवं चिन्ह हवं म्हणून स्पर्धा घेतली गेली. निवडलेल्या चित्राला युकिओ ओता या डिझायनरच्या देखरेखीखाली आजचं रूप मिळालं आणि १९८० च्या दशकात ते आंतरराष्ट्रीय मानक झालं. त्यात एकही अक्षर नाही. दार आहे आणि दाराकडे धावणारा माणूस आहे. घाबरलेल्या माणसाला तेवढंच हवं असतं.

पण चिन्ह चुकलं तर? किरणोत्साराचं ते तीन पात्यांचं चिन्ह १९४६ पासून आहे. फिजिक्सवाल्यांना ते बघताच धडकी भरते. बाकीच्यांना तो पंखा वाटू शकतो. भंगार वेचणाऱ्यानं त्यावरून काय समजायचं? १९८७ मध्ये ब्राझीलच्या गोयानिया शहरात बंद पडलेल्या दवाखान्यातलं यंत्र भंगारात गेलं, लोकांनी ते फोडलं आणि आतल्या सीझियममुळं चौघांचा जीव गेला. आपल्याकडे २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात तेच घडलं. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतून लिलावात निघालेलं उपकरण, त्यात कोबाल्ट-६०, आणि एका कामगाराचा मृत्यू.

म्हणून आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेनं २००७ मध्ये एक जादा चिन्ह आणलं. लाल त्रिकोण, वरून येणाऱ्या लहरी, कवटी आणि पळ काढणारा माणूस. ते यंत्राच्या बाहेर मिरवायचं नाही, आत लावायचं. कुणी यंत्र उघडायला लागला, की त्याला दिसेल असं. आणि ते केबिनमध्ये बसून ठरवलं नाही. भारतासह ११ देशांतल्या १,६५० जणांना दाखवून, ‘हे बघून काय वाटतं?’ असं विचारून ठरवलं.

सगळी गोम इथं आहे. चिन्ह चांगलं आहे की नाही, हे काढणारा ठरवत नाही, बघणारा ठरवतो. आपल्याकडे मात्र उलट चालतं. एखाद्या हॉस्पिटलात तीन भाषांत ‘क्ष-किरण विभाग’ लिहिलेलं असतं, पण बाण भिंतीकडे. गावाकडून आलेला माणूस हातातला कागद दाखवत चार जणांना विचारत फिरतो आणि आपण म्हणतो, ‘‘बोर्ड लावलाय ना, वाचता येत नाही का?’’ अहो, नाही येत! किंवा ही लिपी येत नाही. किंवा चष्मा घरी राहिलाय. किंवा आत मुलगा ॲडमिट आहे आणि डोळ्यांपुढं काही दिसतच नाहीये. यात त्या माणसाची काय चूक?

मग चित्र लावा आणि अक्षरं पुसून टाका? तसंही नाही. आजीला अक्षरांनीच वाचवलं असतं. चित्र आणि शब्द दोन्ही हवेत, म्हणजे एक हुकलं तरी दुसरं हात देईल.

आता तुमच्याकडे वळतो. लवकरच फेस्टचा सीझन येईल. पार्किंग, पाणी, टॉयलेट, फर्स्ट एड यांचे बोर्ड तुम्हीच बनवणार. जरूर भन्नाट बनवा. फक्त प्रिंटला टाकण्याआधी ते तीन जणांना दाखवा : कॅन्टीनमधल्या मावशींना, गेटवरच्या वॉचमनकाकांना आणि घरातल्या आजीला. समजावून सांगू नका. ‘हे काय आहे?’ एवढंच विचारा आणि गप्प बसा. तिघांपैकी एकजण जरी अडखळला, तर तो नापास नाही. तुमचा बोर्ड नापास.