सेवाग्रामचं गरगट आणि रामगिरीचा चहा

जून १९४२. वर्ध्याचा उन्हाळा ज्यांनी काढलाय त्यांना तो वेगळा सांगायला नको. अमेरिकी पत्रकार लुई फिशर आठवडाभर सेवाग्रामात मुक्कामाला होता. पाण्याच्या टबात बसायचं आणि बाहेर खोक्यावर टाइपरायटर ठेवून टिपणं काढायची, असा उपाय त्याने उकाड्यावर शोधला. पंगतीवर मात्र उपाय सापडेना. पुन्हा पुन्हा तेच पालकाचं गरगट आणि त्यात भोपळ्याच्या फोडी. शेजारी खुद्द गांधीजी. दोन-तीन दिवसांत पाहुण्याने भाजीला हात लावणं सोडलं, आणि ते यजमानाच्या नजरेतून सुटलं नाही. मीठ घाला, लिंबू पिळा, असा सल्ला मिळाला. म्हणजे चव मारायची की काय, असं फिशरने विचारलं, तेव्हा गांधीजी हसले. त्यांच्या मते ते चव वाढवणं होतं. तुम्ही इतके अहिंसक की चवीलाही मारणार नाही, असा टोला फिशरने मारला.

भाजी मागे पडली, बोलणी मात्र रंगली. इंग्रजांनी जावं म्हणजे नेमकं काय, युद्धाचं काय, मित्रराष्ट्रांच्या फौजांचं काय, असे प्रश्न त्या आठवड्यात फिशरने विचारले आणि उत्तरं पुस्तकातून जगापुढे ठेवली. महिनाभरात, १४ जुलैला, काँग्रेस कार्यकारिणीने वर्ध्यातच इंग्रजांनी सत्ता सोडावी असा ठराव केला.

खरं तर गांधीजींना जेवायला बोलवणं ही कुणाही यजमानाची परीक्षाच. १९१२ साली त्यांनी दूध सोडलं. १९१५ च्या हरिद्वारच्या कुंभमेळ्यात दिवसाला पाचच पदार्थ आणि तेही अंधार पडण्याआधी, असं व्रत घेतलं. १९१८ च्या मोठ्या आजारपणानंतर, व्रत तर गाई-म्हशीच्या दुधाचं होतं, शेळीचं कुठे होतं, ही वाट कस्तुरबांनी काढली म्हणून दूध पुन्हा पोटात गेलं. इतक्या अटी असलेला माणूस भेटीगाठी टाळायला रोज नवं निमित्त काढू शकला असता. त्यांनी ते केलं नाही. १९३१ साली व्हाइसरॉय आयर्विन यांच्याशी वाटाघाटी लांबल्या, तेव्हा त्यांच्या शिष्या मीराबेन त्यांचं जेवण घेऊन थेट व्हाइसरॉयच्या वाड्यात गेल्या. खजूर आणि शेळीचं दूध! मिठासाठी तुरुंगात जाऊन आलेला माणूस साम्राज्याच्या प्रतिनिधीसमोर बसून स्वतःचं जेवला. चर्चिलचा या भेटींनी तिळपापड झाला, पण ५ मार्चला करार झालाच.

पथ्य सांभाळून भेट पार पाडणं अलीकडेही जमलं. नरेंद्र मोदींनी २०१४ च्या सप्टेंबरात व्हाइट हाउसमधल्या भोजनाला नवरात्राचा उपास सोडला नाही. ओबामा जेवले, मोदींनी कोमट पाणी घेतलं, आणि चर्चा ठरल्याप्रमाणे पार पडली.

यजमानाने कसं वागावं, याचा धडा मात्र रायगडावर आहे. १६७४ साली शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला हेन्री ऑक्झिंडन हा इंग्रज वकील गडावर आला. गडावरचं नेहमीचं जेवण इंग्रजांना चालेना, तेव्हा त्यांच्यासाठी मांसाची सोय झाली. इंग्रज प्रवासी जॉन फ्रायरने लिहून ठेवलंय, की रोज अर्धा बकरा संपवणारी ही मंडळी दिसतात तरी कशी, हे पाहायला म्हातारा खाटीक गड चढून आला. कित्येक वर्षांत खपलं नव्हतं एवढं मटण त्याने त्या मुक्कामात विकलं होतं. महाराजांनी आपलं ताट पाहुण्यांवर लादलं नाही. तहही झाला.

आता आपल्याकडे बघा. विधिमंडळ अधिवेशनाच्या आदल्या दिवशी मुख्यमंत्री विरोधकांना चहाला बोलावतात. अधिवेशन नागपुरात असलं तर तिथल्या त्यांच्या रामगिरी बंगल्यावर. आणि विरोधक, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत, पत्रकार परिषद घेऊन बहिष्कार टाकतात. काल ज्यांनी कप नाकारला ते आज किटली घेऊन उभे असतात आणि काल ज्यांनी बोलावलं होतं ते आज पाठ फिरवतात. शेतकरी आत्महत्या करत असताना चहा कसला प्यायचा, हे कारण हमखास असतं.

ते शेतकरी म्हणजे आम्हीच. २००६ साली केंद्राने आत्महत्याग्रस्त म्हणून विदर्भातले जे सहा जिल्हे पॅकेजसाठी निवडले त्यांत वर्धा होता. म्हणून वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या कापूस-तुरीच्या देवळीला या कपाबद्दल बोलायचा हक्क आहे. इथे धुऱ्यावरून भांडणारे दोन भाऊ तहसीलच्या तारखेला आले की एकाच टपरीवर चहा घेतात. भांडण मिटत नाही, पण पुढची तारीख, मोजणी, साक्षीदार हे सगळं तिथेच ठरतं.

चहाला गेलं की सरकारला मान्यता दिल्यासारखं होतं, हा विरोधकांचा आक्षेप अगदीच पोकळ नाही. चहापान केवळ फोटोपुरतं उरलं असेल तर त्यात सत्ताधाऱ्यांचाही दोष आहे. बिस्किटांच्या बशीशेजारी त्यांनी कामकाजाची यादी ठेवावी, आणि कापूस खरेदीचं उत्तर तयार ठेवून मगच निमंत्रण धाडावं. विरोधकांना सरकारचा चहा कडू लागत असेल तर त्यांनी थर्मास घेऊन जावा; मीराबेन डबा घेऊन गेल्याच होत्या. पण जावं.

देवळीहून रामगिरी शंभरेक किलोमीटर. यंदाच्या हिवाळी अधिवेशनाआधी तिथे कप मांडले जातील, तेव्हा दोन्ही बाजूंनी बसावं आणि कापसाच्या भावाचं विचारल्याशिवाय कुणी उठू नये.