उत्पन्न कामाच्या मागे जायला हवे

लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये तीस लाकडी आसने ‘प्रीबेंडरी’ म्हणवल्या जाणाऱ्या धर्मगुरूंची आहेत. प्रत्येक आसनाला एका जमिनीचे नाव आहे. इस्लिंग्टन, हॉक्सटन, सेंट पँक्रस, टॉटनहॉल ही त्यांपैकी काही. प्रत्येक आसनावर काही स्तोत्रांचे सुरुवातीचे लॅटिन शब्दही लिहिलेले आहेत. मूळ व्यवस्था साधी होती. कॅथीड्रलच्या जमिनीचा एक तुकडा, म्हणजेच प्रीबेंड, त्या आसनावर बसणाऱ्याच्या चरितार्थासाठी तोडून दिलेला असे. बायबलातल्या दीडशे स्तोत्रांपैकी आपल्या वाट्याची स्तोत्रे त्याने रोज म्हणायची, की तिसांत मिळून दररोज सगळी म्हणून होत. देवस्थान इनाम ठाऊक असलेल्या मराठी माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. एसेक्सच्या किनाऱ्यावर वॉल्टन येथे असलेली अशीच एक जमीन समुद्राने खाल्ली, तरी तिचे आसन कायम राहिले. जमीन बुडूनही पद टिकले, हे एकवेळ निरुपद्रवी म्हणता येईल. पण इतरत्र सेवा बुडाली आणि उत्पन्न टिकले. 1840 मध्ये ब्रिटिश संसदेने कायदा करून ते उत्पन्न आसनापासून सोडवले, आणि माझ्या मते योग्यच केले. तेव्हा घेतलेले आक्षेप आजही धर्मादाय मिळकतींचा विषय निघाला की ऐकू येतात, म्हणून ते नीट तपासले पाहिजेत.

हे दुखणे फार जुने होते. मध्ययुगातच प्रीबेंडरींनी आपल्या जागी गायला बदली माणसे नेमली होती. वेल्स कॅथीड्रलशेजारी या बदली गायकांसाठी चौदाव्या शतकात बांधलेली घरांची दुतर्फा गल्ली आजही उभी आहे. म्हणजे गैरहजेरी लपूनछपून चालत नव्हती, तिची रीतसर सोय लावलेली होती. पोपही आपल्या नातलगांना आणि अधिकाऱ्यांना इंग्लंडमधली प्रीबेंडे देत आणि ते इटलीत बसून उत्पन्न घेत. 1253 मध्ये लिंकनचे बिशप रॉबर्ट ग्रोसटेस्ट यांनी पोप इनोसंट चौथे यांच्या नातलगाची अशी नेमणूक साफ नाकारली. पोपची सत्ता त्यांना मान्य होती. भाविकांच्या सेवेसाठी असलेले उत्पन्न ती सेवा न करणाऱ्याला देणे मात्र त्यांना पाप वाटत होते. पुढे आठव्या हेन्रीने पोपची सत्ता मोडली, मठ बरखास्त केले, पण प्रीबेंडे राहिली.

खरे नुकसान जमिनीच्या कारभारात झाले. प्रीबेंडरी हा हयातीपुरता उपभोग घेणारा होता. तो लांब मुदतीचा पट्टा लिहून देई. त्यात वर्षाचा खंड नाममात्र असे, पण पट्टा करताना किंवा वाढवताना एकरकमी नजराणा घेतला जाई. नजराणा त्याच्या खिशात जाई आणि नाममात्र खंड पुढच्याच्या वाट्याला येई. टॉटनहॉलचेच पाहा. 1768 मध्ये संसदेच्या कायद्याने ही जमीन चार्ल्स फिट्झरॉय यांच्याकडे कायमची गेली आणि प्रीबेंडरीसाठी वर्षाला 300 पौंड एवढेच ठरले. फिट्झरॉय यांचे थोरले बंधू ड्यूक ऑफ ग्राफ्टन तेव्हा सरकारात प्रमुख पदावर होते, हे विसरून चालणार नाही. पुढे तिथे फिट्झरॉय स्क्वेअरसारखी वस्ती उभी राहिली, पण 300 पौंड 300च राहिले. फिन्सबरीचे प्रीबेंड त्याच सुमारास लंडन शहराच्या नगरपालिकेला पट्ट्याने दिले गेले, आणि तो पट्टा संपायला 1867 उजाडले. एका पिढीने केलेला व्यवहार पुढच्या तीन पिढ्यांना बांधून गेला, आणि यातले सारे कायदेशीर होते.

याच काळात मँचेस्टर, लीड्स, बर्मिंगहॅम फुगत होती. हजारो मजुरांच्या वस्तीत एखादा साहाय्यक धर्मगुरू तुटपुंज्या पगारावर लग्ने, बाप्तिस्मे आणि दफनविधी उरकत होता. 1835 मध्ये पंतप्रधान रॉबर्ट पील यांनी नेमलेल्या आयोगाने चर्चच्या उत्पन्नाचा हिशेब मांडला. त्यात लंडनचे बिशप ब्लॉमफिल्ड यांचा पुढाकार होता. 1840 च्या कायद्याने बहुतेक कॅथीड्रलांत चारच सवेतन कॅनन, म्हणजे कॅथीड्रलच्या मंडळातले धर्मगुरू, ठेवले. तिथे न राहणाऱ्या प्रीबेंडरींचे उत्पन्न, जागा रिकामी होईल तसे, गरीब पॅरिशांसाठीच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या हद्दींसाठीच्या, सामाईक निधीत वळवले. हयात असलेल्यांच्या उत्पन्नाला हात लावला नाही. ही सबुरी मला या कायद्याची सर्वांत शहाणी बाजू वाटते. 1843 मध्ये पील यांनी नव्या पॅरिशांसाठी 6,00,000 पौंड कर्जाऊ काढण्याची सोय केली ती याच येणाऱ्या उत्पन्नाच्या भरवशावर.

विरोधकांत सर्वांत समर्थ होते सेंट पॉल्सचेच कॅनन सिडनी स्मिथ. त्यांचे म्हणणे असे की सगळे उत्पन्न सारखे वाटले तर प्रत्येकाच्या हाती चिमूटभर येईल. मोठी बक्षिसे आहेत म्हणूनच चांगल्या घरचे, स्वतःजवळ पैसा असलेले लोक धर्मसेवेत येतात. पण मग बक्षिसाच्या आशेवर बाकीचे आपल्या घरच्या पैशावर राबतात, हे यातून त्यांनीच कबूल केले. ज्याच्या घरी पैसा नाही त्याने धर्मगुरू होऊच नये, असा याचा अर्थ होतो. शिवाय निधी सरसकट वाटायचा नव्हता, गरज असेल तिथे द्यायचा होता. प्रीबेंडे बिनपगारी झाल्यावर धर्मगुरूंची संख्या घटली नाही, उलट वाढत गेली, आणि सेंट पॉल्सचे प्रीबेंडरी आजही मानाने नेमले जातात.

दुसरा आक्षेप विद्येचा, आणि तो मला अधिक वजनदार वाटतो. खगोलशास्त्रज्ञ कोपर्निकस फ्राउएनबुर्गच्या कॅथीड्रलचे कॅनन होते. त्या उत्पन्नावाचून त्यांचे संशोधन झाले असते का? कदाचित नसते. पण ती जागा त्यांना मिळाली बिशप असलेल्या मामांमुळे. तशाच वशिल्याने आलेल्या इतरांच्या हातून काय झाले, हे कोणी विचारत नाही. विद्येला पैसा द्यायचाच तर डरहॅमसारखा द्यावा. तिथल्या बारा प्रीबेंडरींची उत्पन्ने इतकी गलेलठ्ठ होती की त्या जागांना सोनेरी म्हणत. सुधारणेचे वारे दिसताच तिथल्या बिशपांनी आणि प्रीबेंडरींनी 1832 मध्ये आपल्या मिळकतीतून विद्यापीठ काढले. दात्याचा हेतू मोडला, अशीही ओरड झाली. पण दात्याने जमीन दिली होती रोजच्या प्रार्थनेसाठी, आणि तो हेतू आयोग नेमण्याच्या कितीतरी आधीच मोडला होता.

उत्पन्न कामाच्या मागे जावे हे तत्त्व इंग्लंडमध्ये मानणाऱ्या संसदेने मुंबईत मात्र ते गुंडाळून ठेवले, याचा मला राग आहे. 1833 च्या सनदी कायद्याने मुंबईला बिशप मिळाला. 1837 मध्ये थॉमस कार पहिले बिशप झाले आणि फोर्टमधले सेंट थॉमस चर्च कॅथीड्रल बनले. बिशपांचा पगार हिंदुस्थानच्या महसुलातून जाई, म्हणजे त्या चर्चची पायरीही न चढलेल्या शेतकऱ्याच्या साऱ्यातूनही. मँचेस्टरच्या मजुराला सेवा मिळावी म्हणून उत्पन्नाची दिशा बदलली, आणि दख्खनच्या कुणब्याकडून न मिळणाऱ्या सेवेचा पैसा वसूल केला, हे एकाच दशकात घडले. इथले चर्च सरकारपासून कायद्याने वेगळे झाले ते 1930 मध्ये.