चितपट वेगळं, नॉकआऊट वेगळं

रील बारा सेकंदांची असते. एक हूक बसतो, समोरचा आडवा होतो, मागे बीट वाजतं आणि खाली कमेंट्समध्ये आगीच्या इमोजींची रांग लागते. तुम्हीही ती दोन-चार जणांना पाठवलेली असेल. पण तो आडवा झालेला कधी उठला, दुसऱ्या दिवशी त्याला काय आठवत होतं, हे त्या रीलमध्ये कधीच नसतं.

आपल्या शेवगाव-पाथर्डीकडच्या पोरांना हार-जीत कळते ती जत्रेच्या आखाड्यातून. हलगी कडाडते, एक पैलवान दुसऱ्याला अस्मान दाखवतो, हरलेला माती झटकून उठतो आणि पुढच्या जत्रेची तयारी करतो. त्यामुळे बॉक्सिंगमधला नॉकआऊट म्हणजे कुस्तीतलं चितपट, असं आपण सहज धरून चालतो. इथेच गफलत आहे. चितपट हा नियम आहे. खांदे टेकले, कुस्ती संपली. ते टेकले की नाही यावर भांडताही येतं; 2025 च्या फेब्रुवारीत आपल्या नगरलाच झालेल्या महाराष्ट्र केसरीत त्यावरून केवढा गदारोळ झाला, ते तुम्ही पाहिलंच असेल. डोक्यावर बसलेल्या ठोशाने झालेला नॉकआऊट मात्र मेंदूची दुखापत असते. रेफरी फक्त दहापर्यंत मोजतो.

होतं काय, ते नीट समजून घ्या. मेंदू कवटीच्या आत द्रवात तरंगत असतो. हनुवटीवर बाजूने ठोसा बसला की जबडा तरफेसारखा काम करतो आणि डोकं मानेभोवती झटकन फिरतं. कवटी फिरते, मेंदू क्षणभर मागे राहतो, मग ओढला जातो. या पिळात आतले बारीक तंतू ताणले जातात, पेशींचं विद्युत संतुलन बिघडतं आणि आपल्याला जागं ठेवणारी यंत्रणा काही क्षण बंद पडते. म्हणून माणूस पडताना हातही टेकत नाही. ठोसा येताना दिसला तर मानेचे स्नायू आवळले जातात आणि झटका कमी बसतो. न दिसलेला ठोसा घात करतो तो यामुळे. नुसत्या ताकदीचं कौतुक करणाऱ्यांना हे सांगून बघा.

यकृतावर बसलेल्या ठोशाची गोष्ट निराळी. 2004 मध्ये बर्नार्ड हॉपकिन्सने ऑस्कर डी ला होयाला नवव्या फेरीत असंच बसवलं. डी ला होया पूर्ण शुद्धीत होता. डोकं उठ म्हणत होतं, पण शरीर ऐकत नव्हतं.

‘पण ग्लोव्हज असतात ना?’ असतात. ते मुख्यतः मारणाऱ्याची बोटं वाचवतात. हेडगार्डने भुवई फुटणं कमी होतं, आतला मेंदू फिरायचा थांबत नाही. पुरुषांच्या हौशी बॉक्सिंगमध्ये 2013 पासून हेडगार्ड काढलं गेलं आणि रिओ ऑलिंपिकला पुरुष खेळाडू त्याशिवाय उतरले.

मी बॉक्सिंगच्या विरोधात नाहीये, उलट. पुण्याच्या देविका घोरपडेने 2022 मध्ये स्पेनला युवा जागतिक स्पर्धेत 52 किलो गटात सुवर्ण जिंकलं. फायनलचा निकाल होता 5-0, म्हणजे पाचही पंचांचा कौल तिच्याकडे. कोणालाही बेशुद्ध न पाडता ती जगज्जेती झाली. ही फायनल तुमच्यापैकी किती जणांच्या फीडमध्ये आली होती? पायांची हालचाल, अंतर राखणं, ठोसा चुकवणं, ही या खेळातली खरी कला. पण तिची रील होत नाही.

आणि थांबवणं हीसुद्धा कलाच. 1975 मध्ये मनिलाला अली-फ्रेझर लढतीत चौदा फेऱ्या झाल्यावर फ्रेझरचे ट्रेनर एडी फच यांनी त्याला पंधराव्या फेरीला उठूच दिलं नाही. फ्रेझर तयार होता, तरीही. सात वर्षांनी, 1982 च्या नोव्हेंबरमध्ये, कोरियाचा किम डुक-कू चौदाव्या फेरीत कोसळला आणि काही दिवसांतच गेला. त्यानंतर जागतिक विजेतेपदाच्या लढती पंधरावरून बारा फेऱ्यांवर आल्या. एक जीव गेल्यावर तीन फेऱ्या कमी झाल्या!

आता आपल्या कॉलेजकडे येऊ. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा असो की जिममधलं स्पारिंग, आधी विचारा: रिंगजवळ डॉक्टर आहे का? नसेल तर खेळायला नाही म्हणा. यात कसला आलाय भित्रेपणा! मित्र पडून उठला, ‘काही नाही रे’ म्हणाला, तरी त्याला बाइक चालवू देऊ नका आणि रूमवर एकटा सोडू नका. कवटीच्या आत रक्तस्राव होत असेल तर माणूस तास-दोन तास अगदी ठणठणीत बोलतो आणि मग कोसळतो. वाढती डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलटी, तोच तोच प्रश्न विचारणं, एक बाहुली मोठी दिसणं, गुंगी येणं, यातलं काहीही दिसलं तर कांदा हुंगवत बसू नका. जवळच्या दवाखान्यात न्या, आणि तिथून मोठ्या रुग्णालयात पाठवलं तर रात्र असली तरी नगर किंवा संभाजीनगर गाठा. सकाळची वाट बघू नका.

हौशी बॉक्सिंगच्या नियमांत डोक्यावरच्या नॉकआऊटनंतर किमान 30 दिवस स्पारिंगसुद्धा बंद असतं, कारण पहिली इजा भरून येण्याआधी बसलेला दुसरा हलका ठोसाही जिवावर बेतू शकतो. हे दिवस खेळाडू स्वतः मोजत नाही, त्याला पुढच्या आठवड्यात रिंगमध्ये परतायचं असतं. ते मोजायचं काम त्याच्या रूममेटचं. पहिल्या दिवशी तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि त्याचे ग्लोव्हज तुमच्या ट्रंकेत कुलपात टाका.