मिश्र लग्न, दहाचा ठोका आणि डीजे

तुळशीच्या लग्नानंतरच्या तारखांसाठी हॉल शोधायला येणाऱ्या घरांकडून अलीकडे दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, डीजे रात्री किती वाजेपर्यंत चालेल? दुसरा, गाण्यांचे पैसे भरावे लागतात म्हणे, ते कोणी भरायचे? दोन्ही प्रश्न व्यवहाराचे वाटतात. पण एक घर आपले आणि दुसरे कॅथलिक, पंजाबी किंवा गुजराती असले, की या प्रश्नांचा सगळा भार कन्सोलमागे उभ्या असलेल्या एका तरुणावर येऊन पडतो. आपल्या सभासदांच्या घरांतली काही मुले आज हाच व्यवसाय करतात आणि ती ज्या लग्नांत वाजवतात तीही पुष्कळदा आपल्याच घरांतली असतात. त्यामुळे गेल्या दोन-तीन वर्षांत या क्षेत्रात जे घडले, ते नीट समजून घेतले पाहिजे. माझे मत आधीच सांगतो. कायद्याने जी जबाबदारी हॉलची आणि यजमानांची आहे, ती आपण डीजेच्या गळ्यात मारतो आणि मग लग्न बिघडले की दोषही त्यालाच देतो.

आधी त्याचे काम काय असते ते पाहू. आपल्याकडचे लग्न मुहूर्ताभोवती फिरते. सनई, मंगलाष्टके, अक्षता, दुपारची पंगत, आणि चार वाजेपर्यंत मांडव रिकामा. सासष्टी किंवा बार्देशातल्या कॅथलिक लग्नात दुपारी चर्चमधला विधी होतो आणि खरा सोहळा संध्याकाळी सुरू होतो. वधूवरांचा प्रवेश, केक, टोस्ट, पहिले नृत्य, एमसीची फिरकी, आणि शेवटाकडे कोंकणी गाण्यांची माळ, जिला तिकडे ‘मसाला’ म्हणतात. दिल्लीकडचे पाहुणे असले तर आदल्या रात्रीचे संगीत आणि दारातला ढोल वेगळाच. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या समान नागरी कायद्यामुळे अशा लग्नाची नोंदणी तुलनेने सोपी असते. अडचण निबंधकाच्या टेबलावर येत नाही, ती नाचाच्या जागेवर येते.

कारण ही सगळी संगीते एकमेकांत सरळ मिसळत नाहीत. कॅथलिक जोडप्याचे पहिले नृत्य बहुधा वॉल्ट्झच्या अंगाचे, म्हणजे तीन मात्रांच्या चालीचे असते. भांगडा चार-आठच्या हिशेबात चालतो. गरब्यातला हींच सहा मात्रांचा. तीनवरून आठवर जाताना डीजे एका गाण्याखालून दुसरे गाणे हळूच सरकवू शकत नाही, पाय अडखळतात. मग तो थांबतो, माइक घेतो, एखाद्या काकांना टोस्टसाठी उठवतो आणि त्या मिनिटभरात ताल बदलतो. माझ्या परिचयातला फोंड्याकडचा एक डीजे म्हणतो की मिश्र लग्नात गाण्यांइतकीच गाण्यांमधली ही मिनिटे महत्त्वाची, आणि त्यांचे पैसे कोणी देत नाही.

दोन्ही बाजूंना एकदम उठवणारी गाणी मोजकी असतात. ‘बॉबी’ या १९७३ च्या चित्रपटात एका कोंकणी देखणीची चाल हिंदी शब्दांत आली. ते गाणे लागले की मडगावची आजी आणि लुधियानाची मावशी दोघीही उठतात, प्रत्येकीला ते आपलेच वाटते. ‘सैराट’मधले २०१६ चे ‘झिंगाट’ पुढे ‘धडक’मध्ये हिंदीत गेले, त्यामुळे तेही आता सर्वांचे झाले आहे. पण अशा दुव्यांवर चार तास निघत नाहीत. बाकीचा वेळ कुणाला किती मिळाला, यावर दोन्हीकडची मंडळी मनातल्या मनात हिशेब ठेवून असतात. ‘आमचे एकच गाणे लावले’ ही तक्रार मी वरपक्षाकडून ऐकली आहे, वधूपक्षाकडूनही ऐकली आहे, आणि एकदा तर एकाच लग्नात दोघांकडूनही.

त्यात दिवसही थोडे. आपण चातुर्मासात लग्न करत नाही. तुळशीविवाहानंतर दार उघडते, पण लगेच कॅथलिकांचा ॲडव्हेंट लागतो. नाताळाआधीच्या त्या साधारण चार आठवड्यांत ते शक्यतो लग्न ठेवत नाहीत. नाताळ संपतो तोच आपला पौष आडवा येतो. माघात दोघांनाही मोकळीक, पण मग राखेचा बुधवार येतो आणि ईस्टरपर्यंत तिकडे उपवासपर्व. राहिले ईस्टरनंतरचे एप्रिल-मे, आणि मग पाऊस. दोन्ही घरांना चालतील असे शनिवार-रविवार वर्षात बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यातल्या हिवाळ्यातल्या तारखांवर बाहेरून येणाऱ्या डेस्टिनेशन लग्नांचाही डोळा असतो. अशा एका तारखेचे काम ऐनवेळी रद्द झाले तर डीजेचे नुकसान एका दिवसाचे नसते. म्हणून तो ॲडव्हान्स परत देत नाही, आणि त्यावरून त्याला लोभी म्हणणे मला योग्य वाटत नाही.

आता दहाच्या ठोक्याबद्दल. ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे. त्यांनुसार रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. खासगी जागेतून जाणारा आवाज तिच्या हद्दीवर त्या भागाच्या मर्यादेपेक्षा पाच डेसिबलहून जास्त असता कामा नये. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये या निर्बंधांवर ठामपणे मोहोर उमटवली. राज्य सरकारला वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस बारापर्यंत सवलत देता येते, पण ती सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवांसाठी. आपल्या घरच्या लग्नाचा दिवस त्यात आपोआप येत नाही. ‘आमच्या ओळखीचे आहेत, बारापर्यंत चालेल’ असे सांगणारा माणूस प्रत्येक लग्नात भेटतो. पोलीस आले की नेमका तोच सापडत नाही, आणि मशिन जप्त होते डीजेचे.

एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. दहानंतरची बंदी फक्त लाउडस्पीकरला नाही. नियमात वाद्यांचाही उल्लेख आहे. उघड्यावर ढोल वाजवला किंवा ब्रास बँड उभा केला तरी तो मोडतोच, वीज लागत नाही म्हणून सुटत नाही. अपवाद आहे तो बंदिस्त जागेचा. सभागृह किंवा बँक्वेट हॉलमध्ये, आवाज आतल्या आत राहणार असेल तर, दहानंतरही वाजवता येते. पण आपल्याकडचे बहुतेक ‘हॉल’ तीन बाजूंनी उघडे आणि वर पत्रा. त्यांना बंदिस्त म्हणणे म्हणजे पडवीला खोली म्हणण्यासारखे. पाळोळ्याच्या किनाऱ्यावर हेडफोन लावून नाचण्याच्या पार्ट्या सुरू झाल्या त्या या नियमातून वाट काढण्यासाठीच. काही लग्नांतही तो प्रयोग होतो. तरुणांना गंमत वाटते, पण आजी-आजोबांना कानांवर ते डबे चढवून बसवणे काही जमत नाही.

हा फटका दुपारच्या मुहूर्ताला बसत नाही, संध्याकाळच्या सोहळ्याला बसतो. म्हणजे मिश्र लग्नात तो नेमका दुसऱ्या घराच्या वाट्याला येतो. आपले विधी पूर्ण वेळ घेऊन झालेले असतात आणि त्यांचा ‘मसाला’ सुरू होताच साडेनऊ वाजलेले असतात. यात कुणाचा हेतू वाईट नसतो. पण आपल्याकडचे सत्कार, फोटोंची रांग आणि उशिरा आलेल्या पाहुण्यांची भाषणे यांनी खाल्लेला वेळ त्यांच्या नाचातून वजा होतो, हे मात्र आपण पाहत नाही.

गाण्यांच्या पैशांचे प्रकरण जास्त गुंतागुंतीचे आहे, आणि त्याबद्दल अर्धवट बातम्याही पुष्कळ फिरतात. कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याच्या कलम ५२(१)(झेडए) मध्ये खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत संगीत सादर करण्याला किंवा ध्वनिमुद्रण वाजवण्याला सूट आहे. धार्मिक विधी या शब्दांत लग्नाची वरात आणि लग्नाशी निगडित इतर सामाजिक समारंभ येतात, असा खुलासाही तिथेच आहे. तरीही हॉटेलांकडे आणि हॉलकडे परवान्याची मागणी होत राहिली. २४ जुलै २०२३ रोजी केंद्राच्या उद्योग संवर्धन विभागाने, लग्नसमारंभात वाजवलेल्या संगीतासाठी अशी वसुली करणे या कलमाशी विसंगत आहे, अशी जाहीर सूचना काढली. ३० जानेवारी २०२४ रोजी गोवा सरकारने त्याच धर्तीचे परिपत्रक काढले. ध्वनिमुद्रणांचे हक्क सांभाळणारी फोनोग्राफिक परफॉर्मन्स लिमिटेड त्याविरुद्ध न्यायालयात गेली आणि १३ ऑगस्ट २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ते परिपत्रक रद्द केले.

इथूनच गोंधळ सुरू झाला. ‘आता लग्नात गाणी वाजवायला पैसे भरावे लागणार’ असे अनेकांनी सांगितले, आणि मी हे दोन हॉलमालकांच्या तोंडूनही ऐकले. पण रद्द झाले ते सरकारचे परिपत्रक. कायद्यातले कलम जागच्या जागी आहे. कायद्याचा अर्थ परिपत्रक काढून रुंदावता येत नाही, एवढाच त्या निकालाचा आशय मी घेतो. सूट कुठपर्यंत पोचते हा प्रश्न त्या त्या प्रकरणात न्यायालयापुढेच सुटायचा. त्याशिवाय, नोंदणीकृत कॉपीराइट सोसायटी नसताना असे परवाने देता येतात का, हा वेगळा वादही दिल्ली उच्च न्यायालयाच्या एप्रिल २०२५ च्या निकालानंतर सर्वोच्च न्यायालयात पोचला आहे.

माझ्या वाचनाप्रमाणे हळद, रोस, वरात, मुहूर्त आणि स्वागतसमारंभ हे सारे ‘लग्नाशी निगडित सामाजिक समारंभ’ या शब्दांत बसायला हवे. घरचे संगीतही बसावे. पण हॉटेलच्या बारमध्ये मध्यरात्रीनंतर चालणारी, लग्नाचे नुसते निमित्त असलेली पार्टी त्यात ओढून आणणे कठीण. आणि सूट वाजवण्याला आहे, प्रती काढण्याला नाही. कुठून तरी उतरवून घेतलेली हजार गाणी पेनड्राइव्हवर घेऊन फिरणाऱ्या डीजेला या कलमाचे छत्र मिळेल असे समजू नये. मी हक्कदारांच्या विरोधातही नाही. गीतकार-संगीतकारांच्या सोसायटीकडून येणारे पैसे कित्येक वृद्ध कलावंतांच्या घरी जातात, त्यात मराठीही आहेत. हॉटेलने आपल्या बारसाठी परवाना घ्यावा. तो खर्च मांडवातल्या हळदीवर टाकू नये, इतकेच.

हॉल चालवणाऱ्यांनी आणखी एक कलम वाचावे, ५१ वे. हक्कभंग होईल अशा वादनासाठी जागा नफ्यासाठी वापरू देणाराही त्यात जबाबदार ठरू शकतो. म्हणजे ‘सर्व परवाने डीजेकडे’ अशी ओळ पावतीवर छापून हॉल मोकळा होत नाही. तरीही बहुतेक पावत्यांवर ती ओळ असते. पंचविशीतल्या मुलाने, ज्याच्या डोक्यावर स्पीकर आणि जनरेटरच्या कर्जाचे हप्ते आहेत, हा कायदेशीर धोका एकट्याने उचलायचा. ही पद्धत मला अन्यायाची वाटते. आपल्यासारख्या संस्थांचे हॉलही त्याला अपवाद नाहीत, हे नमूद करतो.

आवाजाचाही विषय आहेच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा कार्यक्रमांसाठी १५ मिनिटांच्या सरासरीत १०० डेसिबल ही कमाल मर्यादा सुचवली. पाहुणा तिथे तीन तास असतो, डीजे हंगामभर. कानात बोळे घालून वाजवणारा डीजे दिसला तर हसू नये, त्याला त्याच्या धंद्याची किंमत कळलेली असते.

या सगळ्यात सनईवाले कुठे गेले, असे एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले. रास्त प्रश्न. ध्वनिमुद्रित सनई आता सर्रास वाजते, आणि ती डीजेच्याच लॅपटॉपमधून. पारंपरिक धून प्रत्यक्ष वाजवली तर ध्वनिमुद्रणाच्या हक्काचा प्रश्नच येत नाही, हा खरे तर तिचा मोठा फायदा. मिश्र लग्नात तर दोन्ही घरांचे पारंपरिक गाणे आश्चर्य वाटावे इतके जवळचे आहे. आपल्याकडच्या ओव्या आणि रोसच्या वेळी कॅथलिक बायका म्हणतात त्या वोवयो, शब्द एकच आहे. आपली हळद, त्यांचा नारळाचा रस, अंगाला लावायचेच दोन्ही. हा कार्यक्रम एकत्र घेणारी घरे मी पाहिली आहेत. तिथे स्पीकर बंद ठेवून डीजे कोपऱ्यात चहा पीत बसलेला असतो आणि ओव्या म्हणणाऱ्या बायकांना वेळेचे बंधन नसते.

आपल्या हॉलच्या अर्जात तीन बदल करावेत असे मी कार्यकारिणीला सुचवले आहे. संगीताच्या परवान्याची जबाबदारी कोणाची हे वधूपक्ष, वरपक्ष आणि हॉल यांच्यात आधी ठरावे, डीजेच्या नावावर ढकलू नये. दोन्ही घरांतल्या प्रत्येकी एका माणसाने डीजेबरोबर महिनाभर आधी बसून गाण्यांचा आणि वेळांचा कागद तयार करावा, आणि त्या बैठकीचे मानधन त्याच्या बिलात धरावे. तिसरा बदल वेळेचा आहे. संध्याकाळचा सोहळा साडेसहाला सुरू व्हावा, पहिले नृत्य साडेसातच्या पुढे जाऊ नये आणि नऊनंतर माइक भाषणासाठी मिळू नये. या तिसऱ्यावरच बैठकीत सर्वांत जास्त वाद झाला. भाषणे करणारे बहुतेक कार्यकारिणीतच आहेत. पुढच्या बैठकीत तो विषय पुन्हा येणार आहे, सभासदांनी आपली मते त्याआधी लेखी कळवावीत.